विचार चाललाय

विकासच्या मुलाचं उष्टावण रविवारचं ठरलं आणि शनिवारपासूनच नारायणगुड्याच्या घरात कोण कुणाचं ऐकतंय याचा पत्ता लागेना. भामाबाईंना खीर गव्हाची हवी होती, धाकट्या सुनेला, वंदनाला, शेवयांची. थोरली सून त्रिवेणी विद्यानगरहून सकाळीच येऊन दोन्ही खिरी करून मोकळी झाली. या घरात वाद मिटवण्यापेक्षा दोन पातेली चढवणं सोपं, हे तिला लग्नानंतर पहिल्याच वर्षी कळलं होतं. एकनाथराव या सगळ्यातून अंग काढून गॅलरीत बसले होते. सत्तरीला टेकलेला, उस्मानगंजात बियाण्यांचं दुकान चालवून केस पांढरे केलेला माणूस. बायकांच्या वादात तोंड घालू नये एवढं शहाणपण त्यांच्याजवळ नक्की होतं. त्यापलीकडचं किती होतं, ते त्या दिवशी दिसणार होतं.

उष्टावणाची या घरात एक रीत होती, उदगीरकडच्या गावाहून बिऱ्हाडाबरोबर आलेली. मामानं बाळाला मांडीवर घेऊन खीर चाटवायची, मग पाटावर वस्तू मांडून त्याला मोकळं सोडायचं. पेन, पोथी, तागडी, मातीचं ढेकूळ, सोन्याची अंगठी. बाळ ज्याला हात घालील ते त्याचं पुढचं आयुष्य. गावात ही सगळी मौज होती. तिथं ढेकूळ उचलणारं लेकरू शेती करायचं आणि पेन उचलणारंही शेतीच करायचं. हैदराबादेत आल्यावर मात्र घरानं ही रीत मनावर घेतली. थोरल्या हर्षवर्धननं पेन उचललं होतं, म्हणून तो बँकेत. धाकट्या विकासनं तागडी ओढली होती, म्हणून तो दुकानात. निदान भामाबाईंचं तसं ठाम मत होतं आणि एकनाथरावांनी ते कधी खोडून काढलं नव्हतं. त्यांना ते सोयीचंच होतं. सगळा भार लेकराच्या हातावर टाकला की बापाच्या डोक्यावर काही उरत नाही.

वंदनाचा भाऊ विजय हा बाळाचा मामा. अमीरपेठेत कंप्यूटरचा क्लास चालवायचा आणि शिकून तयार झालेली माणसं अमेरिकेला धाडायचा. कमरेला पेजर, पायात चकाकणारे बूट, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण फार मागे राहिलो असं उगाचच वाटू लागावं. खीर चाटवून झाली तशी त्यानं खिशातून एक गुळगुळीत पांढरी वस्तू काढली, तिची गुंडाळलेली वायर सोडवली आणि पाटावर तागडीच्या शेजारी ठेवली.

"हे काय रे आणलास?" भामाबाईंनी विचारलं.

"माऊस आहे मावशी, कंप्यूटरचा. आता तागडी-बिगडी नक्को. ज्याच्या हातात हा, त्याच्या हातात दुनिया."

"हात लावला तर शॉक नाही ना बसायचा लेकराला?"

"काही नाही होत. तुम्ही परेशान नका होऊ."

बाळानं पोथीकडे पाहिलं नाही, अंगठीकडे पाहिलं नाही. माऊसची वायर लोंबत होती, ती त्यानं मुठीत धरली आणि थेट तोंडात घातली. घरभर टाळ्या पडल्या. वंदनाचे डोळे भरून आले. विकासनं "अमेरिका! अमेरिका!" म्हणत पोराला उचललं. एकनाथरावही हसले. सहा महिन्यांचं लेकरू दोरी दिसली की ओढणारच, हे त्यांच्या मनात आलं, पण एवढ्या आनंदात ते बोलून दाखवायचं त्यांना काही कारण नव्हतं.

विजय हर्षवर्धनकडे वळला. "बघा मोठे दाजी, भाच्याला सहा महिन्यांत कळलं. तुमचं अजून नक्की होत नाही."

सगळे हर्षवर्धनकडे पाहू लागले. तो भिंतीला टेकून बसला होता. सदतीस वर्षांचा, आबिड्सच्या बाजूला एका बँकेत साहेब झालेला, कपाळावर मघाशी लावलेलं कुंकू, आणि अंगात अशा समारंभांसाठी राखून ठेवलेला कडक इस्त्रीचा सदरा. एवढी नजर एकदम अंगावर आल्यावर तो जरा सावरून बसला.

"विचार चाललाय," तो म्हणाला.

"कसला विचार?" भामाबाईंनी लगेच विचारलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन हजार साल उजाडताना जगभरच्या जुन्या कंप्यूटरांचा तारखांचा हिशेब बिघडणार होता म्हणे. ते त्याआधी नीट करायला माणसं हवी होती, आणि ती हैदराबादेतून जात होती. विजयच्या क्लासमध्ये काही महिने शिकायचं आणि तो पाठवील तिकडे जायचं. बँक एवढी लांब रजा देणार नाही. राजीनामाच द्यावा लागेल. नवी बॅच उद्या सुरू होत होती. आज संध्याकाळपर्यंत नाव घातलं तर जागा, नाहीतर पुढं कधी ते विजयलाही सांगता येत नव्हतं.

"म्हणजे आपला हर्षवर्धन अमेरिकेला?" भामाबाईंचा चेहरा उजळला. शेजारच्या सुशीलाबाईंना हे कोणत्या शब्दांत सांगायचं, याची जुळवाजुळव तिथंच सुरू झाली असावी.

"बँक सोडून?" विकासला पटेना. "दादा, एवढी पक्की नोकरी कुणी सोडतं का?"

"दाजी, पक्की म्हणजे काय?" विजयनं त्याच्याकडे मोर्चा वळवला. "उद्या बँकेतच कंप्यूटर येतील आणि पक्के लोक बाहेर बसतील."

वंदनानं नवऱ्याकडे एकवार नुसतं पाहिलं. विकास खाकरला. "तसं बघितलं तर," तो म्हणाला, "जायचं असेल तर आत्ताच. पुन्हा वय नाही राहत." आणि तो भावाशेजारी बसला होता तिथून उठून मेहुण्याच्या बाजूला कधी जाऊन बसला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

त्रिवेणी स्वयंपाकघराच्या दारात पळी हातात घेऊन उभी होती. तिच्यामागे तिची मुलगी निशिगंधा, यंदा दहावी होऊन इंटरला गेलेली. दोघी हर्षवर्धनकडे बघत होत्या. हर्षवर्धन मात्र बापाकडे बघत होता.

ती नजर एकनाथरावांना नंतर फार आठवली. त्या घटकेला त्यांना एवढंच जाणवलं की पोरगा आपल्याकडे बघतोय आणि आपण काहीतरी बोललं पाहिजे. काय बोलायचं ते त्यांच्या जिभेवर तयारच होतं. चाळीस वर्षं ते तेच बोलत आले होते. दुकानात कुठलंही नवं बियाणं आलं की ते पोतं फोडून मूठभर दाणे काढायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि मागच्या खोलीत ठेवायचे. गोणपाट उघडून दाण्यांना मोड किती आले ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या पोत्यातला दाणा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. झहिराबादहून, बिदरहून आलेली माणसं चिडायची. पाऊस डोक्यावर आलाय आणि हा बाबा म्हणतो, आठ दिवसांनी या! कंपन्यांची पोरं चकचकीत पाकिटं दाखवून हसायची, की साहेब, हे सगळं तपासूनच आलंय. एकनाथराव त्यांनाही चहा पाजायचे आणि दाणे गोणपाटातच ठेवायचे. आठ दिवस थांब, हे शब्द त्यांना कुणी झोपेतून उठवलं तरी म्हणता आले असते.

फक्त स्वतःच्या पोराच्या बाबतीत ते त्यांनी एकदाही म्हटले नव्हते. हर्षवर्धन इंटर पास झाला तेव्हा त्यानं एवढंच मागितलं होतं, की मला थोडं थांबू द्या, काय करावं ते मला अजून कळत नाहीये. त्या दिवशी गावाकडचे नामदेवराव जेवायला होते. ते म्हणाले, आता बँकेसारखं दुसरं काही नाही. ताटात ताक वाढेपर्यंत बी.कॉम. आणि बँक दोन्ही पक्कं झालं होतं. पोराला विचारलं गेलं आणि पोरगा चालेल म्हणाला. किती गुणी लेकरू, एका शब्दानं उलटलं नाही, असं भामाबाई पुढे कितीतरी वर्षं कौतुकानं सांगायच्या. थांबू दिलं असतं तर त्यानं काय मागितलं असतं? हे कधी कुणाला कळलं नाही. खुद्द हर्षवर्धनलाही कळलं नसावं. एकनाथरावांच्या मनाला अलीकडे तेच लागून राहिलं होतं. पोराची एखादी इच्छा मोडली असती तर तिच्याबद्दल हळहळता तरी आलं असतं. इथं ती उगवायच्या आधीच जागा भरून टाकली होती.

तेव्हा निदान आज तरी थांब म्हणावं, असं ठरवून त्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात विजय हसत म्हणाला, "काकांना नका विचारू बुवा दाजी. काका तुम्हांला ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतील आणि आठ दिवसांनी मोड आले का बघतील!"

हशा पिकला. विकास हसला, वंदना हसली, बाळाला घेऊन बसलेल्या भामाबाईही तोंडाला पदर लावून हसल्या. आणि हर्षवर्धनच्या ओठांवरही हसू आलंच, अर्धंमुर्धं, लोक हसतायत म्हणून येतं तसं.

ते अर्धं हसू एकनाथरावांना लागलं. आपल्याच घरात, आपल्याच पाटाशी बसून, व्याह्याच्या पोरानं आपली टर उडवावी आणि आपल्या पोरानं हसावं! म्हातारपणी अंगातली ताकद जाते आणि रागाची घाई तेवढी उरते. जिभेवरचा शब्द तसाच गिळून त्यांनी भलताच बाहेर काढला.

"मी कशाला कुणाला गुंडाळून ठेवू?" ते म्हणाले. "मी बियाणेवाला. मला तुमच्या कंप्यूटरमधलं काय कळतंय? पण हर्षवर्धन, तू एक सांग. जाणार का नाही?"

"आबा, तेच तर... म्हटलं तुम्हांला एकदा विचारावं."

"मला काय विचारायलास? जायचं तुला आहे. विचार चाललाय, विचार चाललाय, हे काय कारकुनासारखं! सदतीस वर्षांचा झालास. हो म्हण नाहीतर नाही म्हण. सगळे बसलेत, सगळ्यांसमोर सांग."

"आबा," त्रिवेणी दारातून म्हणाली, "आधी जेवणं होऊ द्या. पानं घेतलीत."

"जेवणं कुठं पळून चाललीत? त्याला बोलू दे आधी."

हर्षवर्धननं एकदा बापाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, शाळेतलं पोर मास्तरांच्या तोंडाकडे बघतं तसं. मग मान खाली घातली.

"जाणार," तो म्हणाला.

विजयनं टाळी वाजवली. त्या आवाजानं बाळ दचकून रडायला लागलं. भामाबाईंनी साखर वाटायला घेतली, पण त्रिवेणीच्या हातावर घालताना त्यांचा हात थांबला. सुनेच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांना दिसलं आणि त्यांची अमेरिका तिथंच संपली. जेवताना हर्षवर्धननं दोन्ही खिरी घेतल्या, चांगल्या झाल्यात म्हणाला, आणि हात धुऊन विजयच्या स्कूटरवर मागे बसून अमीरपेठेला नाव घालायला गेला.

दुपार झाली. बाळ झोपलं, विकास आणि वंदना त्याच्याजवळच लवंडले. त्रिवेणी ताटं आवरत होती. एकनाथराव सुपारी कातरत बसले होते, पण सुपारी खायची त्यांना इच्छा नव्हती. शेवटी ते म्हणाले, "त्रिवेणी, तू मघाशी काहीच बोलली नाहीस. तुझ्याही घराचा प्रश्न होता."

"बोलले की आबा. जेवणं होऊ द्या म्हणाले."

"ते नाही ग."

"तेवढंच बोलायचं होतं मला. जेवणं झाली असती, तुम्ही शांत झाला असता." ती ताटं उचलून आत गेली.

निशिगंधा अजून तिथंच पाटाशी बसली होती. तागडीच्या पारड्यात बोटं फिरवत ती एकदम म्हणाली, "आबा, तुम्ही असं कायकू केलं?"

"काय केलं मी?"

"पप्पा तुमच्यासाठीच वेट करत होते." "सकाळी येताना ते मम्मीला सांगत होते. त्यांना अजून समजत नव्हतं जायचं का नाही. पण विजयमामाला ते नाही म्हणू शकत नाहीत, ते कुणालाच नाही म्हणू शकत नाहीत. तर ते म्हणाले, आबांसमोर गोष्ट काढतो, आबा आठ दिवस थांब म्हणणारच. दुसरं काही म्हणणारच नाहीत. मग विजयमामाला सांगता येईल, की घरातले मोठे थांबा म्हणायलेत. तेवढ्या दिवसांत नीट विचार करतो, असं म्हणाले. किती खूश होते रस्त्यानं, माहीत आहे?"

एकनाथरावांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. मघाचं ते बघणं आता त्यांना उलगडलं. पोरगा परवानगी मागत नव्हता. जो शब्द सगळ्या बाजाराला ठाऊक होता, जो त्यांनी दारात आलेल्या प्रत्येक अनोळखी माणसाला फुकट दिला होता, तो एकदा आपल्यालाही मिळेल म्हणून तो आला होता. आणि त्यांनी त्याला दुसऱ्यांदा ऐन जेवणाच्या वेळी निकाल द्यायला लावला. ज्यांच्यावर खापर फोडावं असे नामदेवरावही या खेपेला घरात नव्हते.

"मग इथं काय बसलाव?" भामाबाई आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "जा की! अजून नाव घातलं नसेल. जाऊन सांगा त्याला."

एकनाथराव धोतराचा सोगा सावरत जिना उतरले. नाक्यावर रिक्षा मिळाली. हिमायतनगरातून, खैरताबादवरून जाताना रिक्षावाला विचारत होता, "जल्दी है क्या साब?" आणि ते म्हणत होते, "हौ बाबा, थोडी जल्दी है." आयुष्यभर लोकांना थांबवणाऱ्या माणसाला आज घाई होती.

अमीरपेठेत त्यांनी इतक्या पाट्या एका भिंतीवर कधी पाहिल्या नव्हत्या. एकेका इमारतीत पाच-पाच क्लास, आणि प्रत्येक पाटीवर अमेरिका. विजयच्या क्लासचा जिना पोरापोरींनी भरला होता. गुंटूरची, वरंगळची, करीमनगरची पोरं, खांद्याला पिशव्या, तेलुगूत गलका. कुणाला नेमकं काय शिकायचंय ते ठाऊक असेल असं वाटत नव्हतं; पुढचा चढत होता म्हणून मागचा चढत होता. वरच्या माडीवर खिडकीपुढे रांग होती, आणि रांगेत सगळ्यांपेक्षा वयानं मोठा, कपाळावर कुंकू असलेला हर्षवर्धन. त्याच्यापुढे दोनच माणसं उरली होती.

"आबा? तुम्ही?" तो घाबरला. "आईला काही झालं का?"

"काही नाही. रिक्षानं आलो." त्यांना धाप लागली होती. "थांब म्हणायला आलो. आठ दिवस थांब. मग जायचं तर जा, नाहीतर नको जाऊ. माझं काही म्हणणं नाही."

हर्षवर्धनचा चेहरा क्षणभर मोकळा झाला. अगदी क्षणभरच, पण एकनाथरावांनी तो पाहिला. मग त्यानं हळूच मान हलवली.

"आता कसं, आबा? सगळ्यांसमोर बोललो मी. विजयनं जागा धरून ठेवलीय. मघाशीच एकाला परत पाठवलं माझ्यासाठी."

"मी सांगतो सगळ्यांना. विजयला सांगतो. माझं चुकलं म्हणतो."

"तसं नाही हो." पुढचा एक माणूस बाजूला झाला, तसा हर्षवर्धन एक पाऊल सरकला. एकनाथरावही त्याच्याबरोबर सरकले. "तुम्ही विचारलंत ना, तेव्हा माझ्याकडे उत्तरच नव्हतं. मग तुमच्या तोंडाकडे बघितलं. वाटलं, यांना जाणार ऐकायचंय. म्हणून तसं म्हणालो."

"अरे, मला तर थांबतो ऐकायचं होतं!"

"हो?" हर्षवर्धन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बापाला बरं वाटलं असतं. "मग तसं म्हणालात का नाही, आबा?"

सगळे हसले म्हणून, असं सांगायची एकनाथरावांना लाज वाटली, आणि दुसरं खरं कारण त्यांच्याजवळ नव्हतं. पुढचा माणूस पावती घेऊन निघून गेला. खिडकीतल्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "नेम?" एकनाथरावांनी पोराचा दंड धरला. पण विचारलं की लगेच उत्तर द्यायचं, ही सवय त्यांनीच लावलेली होती. हर्षवर्धननं नाव सांगून टाकलं.